खालच्या डिव्हिजनचे काका

"कितव्या डिव्हिजनमध्ये?"

कुणी काहीही आनंदाने सांगितलं की काकांचा हा प्रश्न ठरलेला. मी नवा राइस कुकर घेतला, "कितव्या डिव्हिजनचा?" टीममधल्या एकाची भाची मेडिकलला लागली, "कितव्या डिव्हिजनमध्ये?" एकदा मी डब्यातला झुणका त्यांना खायला दिला. त्यांनी डोळे मिटून तो सावकाश खाल्ला आणि म्हणाले, "दुसरी डिव्हिजन. पण टेबलात वर आहे. पुढच्या वर्षी पहिलीत जाईल." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. माझ्या झुणक्याला सासूबाईसुद्धा इतकं घालूनपाडून कधी बोलल्या नव्हत्या.

काका बल्गेरियाचे. २००१ साली मी सांता क्लाराच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर म्हणून लागले, तेव्हा आमच्या टीममध्ये ते सगळ्यात सीनियर. वय पन्नाशीच्या पुढे, भरघोस मिशा, आणि कॅलिफोर्नियाच्या उन्हातही अंगात लोकरीचा स्वेटर. आम्ही टीममधली मराठी मंडळी त्यांच्या माघारी त्यांना काका म्हणायचो. ते एकदा त्यांच्या कानावर गेलं. अर्थ विचारला. मी भीत भीत सांगितलं, वडिलांचा भाऊ. त्यांनी मान आडवी हलवली. मला वाटलं, मेले आता! पण तसं काही नव्हतं. बल्गेरियात 'हो' म्हणताना मान आडवी हलवतात आणि 'नाही' म्हणताना उभी. त्यांची मान ही अशी उलटी, आणि माझी नागपुरी मान धड उभीही नाही, धड आडवीही नाही. "टेस्टिंग झालं का?" असं विचारून आमचा अमेरिकन मॅनेजर आळीपाळीने दोघांच्या माना बघत बसायचा. शेवटी बिचारा जागेवर जाऊन ईमेल पाठवायचा.

तुम्ही म्हणाल, डिव्हिजनचं हे काय खूळ? तर ते फुटबॉलचं. पण टीव्हीवर दिसतो तो फुटबॉल नव्हे. पहिल्या डिव्हिजनमध्ये काकांना काडीचा रस नव्हता. "ते काय, सगळ्यांनाच माहीत असतं," म्हणायचे. त्यांचा जीव अडकला होता त्यांच्या देशातल्या तिसऱ्या डिव्हिजनमध्ये, आणि तीही कम्युनिस्ट राजवटीतली. लंचला बसलं की सुरू.

त्या काळी तिकडे प्रत्येक कारखान्याचा संघ असायचा. खाणीचा, रेल्वेचा, सिमेंटचा. काकांच्या गावात टोमॅटो डबाबंद करायचा कारखाना होता आणि त्याचा संघ तिसऱ्या डिव्हिजनमध्ये खेळायचा. पैसे घेऊन खेळायला बंदी, म्हणून सगळे खेळाडू कागदावर कामगार. "आमचा सेंटर फॉरवर्ड झाकण तपासनीस होता," काका अभिमानाने सांगत. "रिटायर होईपर्यंत. झाकण कुठल्या बाजूने लावतात, हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही." गोलकीपर वरिष्ठ झाकण तपासनीस, कारण त्याला मुलं जास्त. मॅच जिंकली की प्रत्येकाला टोमॅटोच्या डब्यांचं एक खोकं मिळायचं. हरली तरी मिळायचं, फक्त डबे पोचे आलेले. सिमेंटच्या कारखान्याविरुद्ध त्यांच्या मैदानावर खेळलं, की हाफ टाइमपर्यंत दोन्ही संघ पांढरेफटक. कुणी कुणाला पास द्यायचा, हा प्रश्न. एकदा रेफरीने दोन्ही संघांना अंघोळीला पाठवलं आणि मग मॅच पुढे सुरू केली.

हे सगळं मी रविवारी फोनवर बाबांना सांगायची. बाबा नागपूरला एका कारखान्यात फिटर होते. ते खो खो हसायचे. "अगं, आमच्याकडे नव्हता का तो स्पोर्ट्स कोट्यातला लेफ्ट हाफ! त्याच्या हातात पाना दिला तर म्हणे, हे काय असतं साहेब?" पुढेपुढे बाबा माझी चौकशी नंतर करायला लागले. आधी विचारायचे, "बल्गेरियावाले काय म्हणतात?"

अमेरिकेशी काकांचं एकच भांडण होतं. इथला कुठलाच संघ खालच्या लीगमध्ये जात नाही. "वर्षभर मार खातात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच, त्याच खुर्चीत! हे खेळाडू आहेत की राजेरजवाडे? शेवटी आलास, तर खाली जा. खाली जिंक. वर ये."

मला हे मुळीच पटायचं नाही. आमच्या घरात तीन पिढ्या वर चढण्यात गेल्या. आजोबा गावकुसाबाहेरच्या वस्तीतून उठून नागपूरच्या मिलमध्ये आले, बाबा फिटर झाले, मी इंजिनिअर झाले. खाली जायचं कौतुक करणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

"काका, खाली जाणं ही काय मिरवायची गोष्ट आहे?" मी एकदा फणकाऱ्याने विचारलं.

"मिरवायची नाही. पण खाली जागा तर हवी," ते म्हणाले आणि माझ्या डब्यातलं लोणचं उचललं.

दर रविवारी पार्कमध्ये चार-पाच कंपन्यांचे संघ सॉकर खेळायचे. आमच्या संघाचे कोच काका आणि सेक्रेटरी मी. सेक्रेटरी म्हणजे संत्री कापायची आणि गुडघ्यांना बँडेज बांधायचं. माझा नवरा मिलिंद दुसऱ्या कंपनीतला, पण माणसं कमी पडली म्हणून त्यालाही जुंपलं. सगळा संघ क्रिकेटवर वाढलेला. बॉल उंच आला की मिलिंदचे दोन्ही हात आपोआप कॅच घ्यायला वर जायचे. पेनल्टी मिळाली की समोरचे लोक त्याला थँक यू म्हणायचे.

काकांनी सगळ्या संघांच्या मागे लागून नियम करून घेतला, की शेवटी येईल तो संघ दुसऱ्या डिव्हिजनमध्ये जाईल. बाकीचे हसत हसत कबूल झाले. शेवटी कोण येणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. आम्ही शेवटी आलो, खाली गेलो. तिथे गेल्यावर कळलं, की दुसऱ्या डिव्हिजनमध्ये आमच्याशिवाय कुणीच नाही.

"आता तरी रविवारी झोपू द्या, यार," मिलिंद काकुळतीला आला. छे! काकांनी पुढच्या रविवारी सगळ्यांना बरोबर वेळेवर मैदानात उभं केलं. अर्धे इकडे, अर्धे तिकडे. वर्षभर आम्ही आमच्याशीच खेळलो आणि चॅम्पियन झालो. काकांनी सगळ्यांना टोमॅटोचा एकेक डबा बक्षीस दिला, मिलिंदला दोन. तो इतका खूष झाला, की घरी आल्यावर त्याने डबे फ्रिजवर मांडून ठेवले आणि मला त्यांची भाजी करू देईना.

तोवर मार्केट पार बसलं होतं. कंपनीने लोकांना नारळ द्यायला सुरुवात केली. काचेच्या खोलीत मॅनेजर आणि एचआरच्या बाई बसायच्या, मध्ये टिश्यूचा डबा, आणि एकेकाला आत बोलवायचं. काकांना बोलावणं आलं, तसे ते उठले आणि मला म्हणाले, "चल."

"मला नाही बोलावलं, काका." मी व्हिसावर. नोकरी गेली की देश सोडायचा.

"सेक्रेटरीशिवाय क्लब सुनावणीला जात नाही," म्हणाले. मला घेऊनच आत शिरले.

मॅनेजर खाली मान घालून कागदावरचं वाचायला लागला. काकांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"म्हणजे मी शेवटी आलो."

"तसं नाही, तुमचं काम उत्तमच—"

"शेवटी आलो. मान्य. मला खाली पाठवा."

"खाली?"

"हेल्पडेस्कवर. तिथे माणसं कमी आहेत. मी फोन उचलतो. पगारही त्यांचाच द्या. पुढच्या वर्षी मी तिथे पहिला येईन, मग वर घ्या."

एचआरच्या बाई गोड आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे अशी पॉलिसी नाही हो. आणि तुम्ही त्या कामासाठी ओव्हरक्वालिफाइड आहात."

"हरलेला माणूस ओव्हरक्वालिफाइड कसा?" काकांना खरंच कळेना. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्या दोघांना टोमॅटोच्या संघाची गोष्ट सांगितली. राजवट गेली, कारखाना बंद पडला. झाकण तपासनीस पांगले. संघ तिसरीतून चौथीत आला, तिथून जिल्ह्याच्या लीगमध्ये, मग त्याच्याही खाली. खेळायला कोण, तर पोस्टमन, न्हावी आणि दोन म्हातारे. दर रविवारी हरायचे. तरी लोक बाकं घेऊन बघायला यायचे, बायका पाव भाजून आणायच्या. आणि एका वर्षी वरच्या साहेबांनी सगळ्यात खालची लीगच बंद केली. म्हणे, संघ फार कमी उरले.

"आम्ही हरून मेलो नाही," काका म्हणाले. "हरायची आम्हाला सवय होती. आमच्या पायाखालची पायरी काढून घेतली. तुम्हीही तेच करताय."

एचआरच्या बाईंनी एक टिश्यू घेतला. मग अजून एक. काकांनी अख्खा डबा त्यांच्याकडे सरकवला. पण पॉलिसी काही बदलली नाही. काकांनी दोघांशी हात मिळवला, आपलं सामान खोक्यात भरलं आणि गेले. माझी नोकरी राहिली. आनंद व्हायला हवा होता ना? मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले.

त्यांनी फोन उचलणं बंद केलं. रविवारी आले नाहीत. कोचच नाही म्हटल्यावर संघ आठवड्याभरात मोडला.

ते परत दिसले ते दीड-दोन वर्षांनी. मी हार्डवेअरच्या एका मोठ्या दुकानात दाराला बिजागरी घ्यायला गेले होते. पेंटच्या काउंटरमागे एप्रन घालून काका एका गिऱ्हाइकाला रंग ढवळून देत होते. मला बघून मिशा फुलल्या.

"चौथी डिव्हिजन," ते म्हणाले. "पण मैदान चांगलं आहे." शेजारी विशीतली एक मुलगी उभी होती, त्यांची सुपरवायझर. तिच्याकडे हात करून म्हणाले, "ही आमची कॅप्टन."

आणि माझ्याकडे त्यांच्यासाठी बातमी होती! दिवस पालटले होते, कंपनी पुन्हा माणसं घेत होती. मॅनेजर मला कितीदा म्हणाला होता, ते भेटले तर सांग, जुन्याच पोस्टवर या. मी एका दमात सगळं सांगून टाकलं.

काकांनी मान हलवली. उभी.

"नाही? काका, सीनियर टेस्टर! तोच पगार!"

"चौथीतून एकदम पहिलीत? इथे मी अजून काही जिंकलेलो नाही."

माझं डोकंच फिरलं. "अहो, हा फुटबॉल नाही! घरभाडं आहे, म्हातारपण आहे! चालून आलेली लक्ष्मी अशी लाथाडतात का? आमच्या बाबांना कुणी असं घरबसल्या बोलावलं असतं ना, तर ते धावत गेले असते!"

"तुझे बाबा एकदम फिटर झाले?" काकांनी शांतपणे विचारलं.

"नाही. आधी हमाल होते. मग मशिनी पुसणारे खलाशी, मग हेल्पर, मग परीक्षा दिली..."

"मग?" काका म्हणाले आणि पुढच्या गिऱ्हाइकाचा डबा मशीनवर चढवला.

मी तणतणत घरी आले. बिजागरी घ्यायची राहिलीच. मिलिंद म्हणाला, "या वयात त्यांना कोण वर घेणार? संपलं ते." मी त्याच्यावरही खेकसले, कारण मलाही तेच वाटत होतं. रात्री जेवताना माझ्या डोळ्यांसमोर तो एप्रन होता. माझा हक्काचा राग होता त्यांच्यावर. आपल्या माणसावर असतो तसा.

पुन्हा तिकडे जायला मला वर्ष लागलं. आमच्या मुलीच्या खोलीला रंग द्यायचा होता. काउंटरवर ती सुपरवायझर मुलगी होती, काका नव्हते. विचारायला जीभ रेटेना. शेवटी विचारलं.

"ते? अहो, त्यांचं प्रमोशन झालं!" ती म्हणाली. "गिलरॉयच्या दुकानात अख्खं पेंट डिपार्टमेंट बघतात. आमच्या इथून त्यांचंच नाव गेलं. माझंही गेलं नाही." ती जरा रुसूनच बोलली.

"शाब्बास काका!" मी मराठीतच ओरडले. रांगेतली माणसं वळून बघायला लागली.

काकांची आणि माझी गाठ त्यानंतर पडली नाही. गिलरॉय काही लांब नाही, पण जायचं जायचं म्हणत राहून गेलं. मात्र त्या दिवशी मी रंग तसाच काउंटरवर ठेवला, सनीव्हेलला जाऊन इंडियन स्टोअरमधून पेढ्यांचा बॉक्स आणला आणि परत आले. त्या मुलीला दिला, लाकूड कापणाऱ्याला दिला, कॅशवाल्या आजींना दिला. आमच्याकडे माणूस वर चढला की पेढे वाटतात, असं सगळ्यांना सांगत फिरले.

"तुम्ही त्यांच्या घरच्या का?" मुलीने पेढा खाता खाता विचारलं.

"हो, पुतणी," मी म्हटलं आणि तिच्या हातावर अजून एक पेढा ठेवला.