देशाचं गाणं आणि आमचा फ्लेक्स

फ्लेक्स मीच लावला होता, हे आधीच कबूल करतो. बारा बाय आठचा. वर तिरंगा, मधोमध माझ्या धाकट्या बहिणीचा माइक धरलेला फोटो आणि खाली शुभेच्छुक म्हणून आम्ही चौदा जण. त्यात माझा फोटो इतरांपेक्षा जरा मोठा होता. डिझाइन मीच केलं होतं, तेव्हा एवढा हक्क मला होताच. चौदावा शुभेच्छुक शेजाऱ्यांचा सात महिन्यांचा नातू होता आणि त्याच्या डोळ्यांवर गॉगल होता.

झालं होतं असं, की आशियातल्या देशांची टीव्हीवर एक मोठी गाण्याची स्पर्धा होती. प्रत्येक देशाचं एकच गाणं, आणि आपल्या देशाच्या गाण्यात माझी बहीण गाणार होती. शिरड शहापूरहून थोडं आत गेलं की आमचं गाव लागतं. तिथे माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा काढायला आलेल्या माणसालाही ही बातमी ऐकवल्याशिवाय मी सोडत नव्हतो. एकदोघं तर मला टाळून औंढ्याला जाऊन सातबारा काढू लागले.

घरात एकच माणूस खूश नव्हता, ते म्हणजे आमचे आबा. आबा म्हणजे आमचे वडील, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाटकरी होते. नोकरी पाणी सोडायची आणि जीव गाण्यात. भीमजयंतीचे दिवस आले की गायन पार्टीबरोबर गावोगाव फिरायचे. पार्टीत पुढे गायक, शेजारी पेटी आणि ढोलकी, आणि मागे कानावर हात ठेवून उभे असलेले दोन झीलकरी. गायकाची ओळ संपत आली की मागच्यांनी ती उचलून धरायची, तेवढ्यात गायकाने दम घ्यायचा. याला झील धरणं म्हणतात. आबांनी तीस वर्षं झील धरली. हार गायकाला, फोटो गायकाचा, पत्रिकेवर नाव गायकाचं. त्यापुढे 'आणि पार्टी' असं छापलेलं असायचं, त्या पार्टीत आमचे आबा.

बहिणीला गाणं त्यांनीच शिकवलं, ते ही पोरगी पुढे उभी राहील म्हणून. ती पुण्याला गेली आणि तिने स्टुडिओत कोरस गायचं काम धरलं. आबांना ते कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मी जलमभर मागं उभा राह्यलो. तू बी मागंच?"

"मला आवडतं ते, आबा," ती म्हणाली.

हे उत्तर आबांच्या घशाखाली उतरलंच नाही. त्यानंतर दोन वर्षं ते तिच्याशी जेवणखाण आणि तब्येत यापलीकडे बोलले नव्हते. तिने गाण्याचा विषय काढला की फोन आईच्या हातात द्यायचे.

स्पर्धा रविवारी होती. शनिवारी दुपारी दुकानात बहिणीचा फोन आला.

"दादा, ऐक. स्टेजवर सहाच माणसं चालतात असा नियम आहे. एक गायिका आणि पाच नाचणारे. आम्ही कोरसच्या पाच जणी पडद्यामागून गाणार. गाणार तिथंच, पण दिसणार नाही."

मी दुकानातून समोरच्या फ्लेक्सकडे पाहिलं. "अगं, पण फ्लेक्स..."

"कसला फ्लेक्स?"

मी विषय बदलला. पण तिला दिसण्या-न दिसण्याचं काही वाटतच नव्हतं. तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आबा बघतील ना रे? पाच जणींतून माझा आवाज त्यांना कळंल का? चांगलं म्हणू नका म्हणावं, पण माझ्या गाण्यावर एक शब्द बोला म्हणावं."

"कळंल की," मी ठोकून दिलं. आबांना मी काहीच सांगितलं नाही, आणि गावाला खरं सांगायची तर माझी छातीच झाली नाही. मी फुशारकी मारायला जेवढा पुढे, तेवढाच कबुली द्यायला मागे.

तोवर गावाने तयारीत हात आखडला नव्हता. विहाराशेजारच्या सभागृहात पडदा बांधला होता, जयंतीचे दोन मोठे स्पीकर आणले होते. मतदानाची बैठकही झाली होती. स्पर्धेत आपल्याच देशाला मत देता येत नाही, दुसऱ्या देशाला द्यावं लागतं, हे मी सांगितल्यावर सभागृहात गोंधळ उडाला होता.

"पोरगी आपली आन् मत दुसऱ्याला? ही कोणती रीत हाय?" माझी चुलत आत्या कडाडली. मग बराच काथ्याकूट झाला आणि शेवटी सगळी मतं एकगठ्ठा नेपाळला द्यायची ठरली. एक तर शेजारी, आणि बुद्धांचा जन्म तिथला. नेपाळचं गाणं अजून कुणी ऐकलेलं नव्हतं, पण त्याने कुणाचं काही अडलं नाही.

रविवारी चार वाजता सभागृह गच्च भरलं. आबांना पुढची गादीची खुर्ची दिली होती. त्यात ते दाढी करायला बसल्यासारखे ताठ बसले होते. ते आले हेच मला पुष्कळ होतं. एकेका देशाचं गाणं होत गेलं. नेपाळच्या गाण्याला आमच्या लोकांनी घरच्या लग्नासारख्या टाळ्या वाजवल्या.

मग आपलं गाणं लागलं. चमचमत्या कपड्यातली गायिका, तिच्याभोवती उड्या मारणारे पाच जण. सभागृह माना लांब करून आमची पोरगी शोधू लागलं.

"कुठं हाय? मला दिसंना."

"ती निळ्या कपड्यातली का?"

"तो तर गडी हाय!"

आत्या माझ्याकडे वळली. "काहून रे, फ्लेक्सवर तर एवढी मोठी दिसून राहिली?"

तेवढ्यात आबा उठले. वाटलं, रागाने निघाले. पण ते दाराकडे गेलेच नाहीत. ते कोपऱ्यातल्या स्पीकरपाशी गेले, पडद्याकडे पाठ करून खाली मांडी घालून बसले आणि हात वर करून म्हणाले, "गप बसा! आवाज येऊन राहिला."

पार्टीत तीस वर्षांत त्यांनी कधी कुणाला गप केलं नसेल. सभागृह चिडीचूप झालं. आबांनी डोळे मिटले आणि एक हात कानावर ठेवला. गाणं संपेपर्यंत मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. गाणं संपलं तसे ते उठले, चपला पायात सरकवल्या आणि कुणाशी न बोलता घरी गेले.

त्यानंतर मी गावापुढे सगळं कबूल केलं. शिव्या खाल्ल्या, त्या मोजल्या नाहीत. आत्या म्हणाली, "आधी सांगितलं असतं तर आमी कान देऊन ऐकलं असतं ना, मुडद्या!" हे खरंच होतं. आपला देश मधेच कुठेतरी राहिला, नेपाळही जिंकला नाही. चहा मात्र झकास झाला.

घरी आलो तर आबा ओसरीवर बसले होते. रात्री आठच्या सुमारास बहिणीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. ती आईशी बोलली, मग थोडी थांबून म्हणाली, "आबा आहेत का?"

नेहमीसारखे ते आईकडे बोट दाखवतील असं मला वाटलं. पण त्यांनी हात पुढे करून फोन घेतला.

"दुसऱ्या कडव्याला झील अगोदर उचललीस. काहून?"

लाइन तुटली की काय म्हणून मी वाकून पाहिलं.

"आबा, तुमाला कळलं?"

"न कळायला काय झालं? वरचा सूर तुझा व्हता. गाण्याची वळ पडू द्यायची न्हाई, पण त्या बाईच्या तोंडातून हिसकायची बी न्हाई. कितींदा सांगितलं व्हतं?"

"घाबरले होते, आबा."

"बाकी बराबर."

ती हुंदके देऊन रडू लागली. आबा गोंधळले. "आता रडून काहून राहिली? बराबर म्हणलो ना, माय." मग हळूच विचारलं, "त्या बाईचा दम दोन डाव सुटला. तू सांभाळलंस. तिला ठाव हाय का?"

"हाय की. खाली उतरल्या उतरल्या आधी माझ्या गळ्यात पडली."

आबा ओसरीच्या खांबाकडे बघत राहिले. "बरंय," ते म्हणाले. "आमच्या कुणी पडलं न्हाई."

आईने पदर तोंडाला लावला.

"आबा," बहीण नाक ओढत म्हणाली, "आज तुमी पुढं म्हणा. झील मी धरते."

"मी?" आबा हसले. "मला वळीचा शेवट तेवढा येतो, माय."

"म्हणा, आबा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. घसा खाकरला. कानाकडे निघालेला हात त्यांनी परत मांडीवर ठेवला आणि पार्टीचं एक जुनं गाणं पहिल्या शब्दापासून सुरू केलं. आवाज कापरा होता, पण सूर पक्का होता. ओळ संपत आली तशी फोनमधून तिने ती उचलली, ना आधी, ना मागाहून. आबांनी सावकाश दम घेतला आणि दुसऱ्या ओळीला हात घातला.