साधा सोडा

‘सावकाश कळंल!’ कुणी घाई केली की वहिनी एवढंच म्हणायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या.

नळदुर्गला हायवेच्या कडेला माझं पंक्चरचं दुकान. शेजारच्या टपरीत त्या ट्रकच्या काचांवर गाडीचे नंबर उठवून द्यायच्या. कापलेल्या आकड्यांचा स्टिकर चिकटवायचा, वर पांढरी पेस्ट फासायची, थोड्या वेळानं पुसली की नंबर काचेतच! पेस्टमध्ये फ्लोराइड. ते काच खातं, म्हणून डबासुद्धा प्लास्टिकचा. एकदा मी तो उघड्या हातानं उचलला, तर अशा खेकसल्या माझ्यावर!

‘भावजी, ठेवा खाली! हे लगीच भाजत न्हाय. आत शिरतं, हाडाला लागतं, मग बसा बोंबलत.’

आणि बघा, घात झाला तो त्यांच्याच घरात. नवरा पलीकडं ट्रक धुवायचा. वहिनी माहेरी अणदूरला गेल्या होत्या, तेव्हा गावातल्या दुकानदारानं त्याला चाकं चमकवायची पावडर दिली, बिनलेबलच्या पिशवीत. ‘साधा सोडा आहे, खुशाल वापर.’ यानं दिवसभर हातानं चाकं घासली. संध्याकाळी गुरासारखा ओरडायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं? हा म्हणाला, सोड्यानं. खरं नाव कळलं असतं तर वेळेत त्यावरचं कॅल्शियमचं मलम तरी लागलं असतं. तीन बोटं काढावी लागली.

वहिनींनी जाब विचारला, तर तो हरामखोर म्हणतो, ‘सोडाच होता.’

दुसऱ्या दिवशी त्या मला साक्षीला घेऊन गेल्या. ऐन बाजाराची वेळ. हातात मोजे, पिशवीतली उरलेली पावडर आणि प्लास्टिकची वाटी.

‘शेठ, सोडाच हाय न्हवं? मग तुमच्या काउंटरच्या काचंला काय होत न्हाय.’

गिऱ्हाइकं बघत होती. नाही म्हणायला त्याला तोंड कुठं होतं? वहिनींनी घरूनच कापून आणलेला स्टिकर चिकटवला, पावडर कालवून वर लेप दिला.

‘कुठं काय होतंय?’ शेठ घाम पुसत म्हणाला.

‘सावकाश कळंल.’

मग लेप पुसला, उरलंसुरलं विष मरावं म्हणून वरून चुन्याची निवळी फिरवली, स्टिकर ओढून काढला. काचेत अक्षरं उठली होती: ‘हे बोटं खातं.’ शेठनं फडक्यानं घासघास घासलं. खोटं कशाला बोलू, त्याचं तोंड बघून मला लई बरं वाटलं.

वहिनी आता नवऱ्याला घेऊन अणदूरलाच असतात. टपरी बंद आहे. शेठ काच बदलत नाही. बदलली तर कबूल केल्यासारखंच होईल ना! वर देवाचं कॅलेंडर ठेवतो. मी रोज जातो, देवाला हात जोडतो आणि कॅलेंडर उचलून बाजूला ठेवतो.

‘काय पाहिजे?’ तो खाली बघत विचारतो.

‘पावशेर सोडा,’ मी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो. ‘साधा.’