छावणीतली केन्याची भजी

केना माहीत नसेल, तर तुम्ही हातात खुरपं कधी धरलेलंच नाही. निळ्या-जांभळ्या फुलाचं हे तण उपटून बांधावर फेकलं, तरी तिथंच मूळ धरतं. मी त्याला आयुष्यभर शिव्या घातल्या होत्या.

त्या साली पावसानं दगा दिला आणि दिवाळीआधीच दूध सोसायटीनं माळावर चारा छावणी लावली. जनावरांपाशी मुक्कामाला असलेल्यांना जेवणही द्यायचं ठरलं. चेअरमन धारूरहून आचारी आणणार होते. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "अण्णा, आमी बाया काय मेलो का?"

हे काम मिळालं तर माझी ऊसतोड टळणार होती. नाही मिळालं तर दिवाळी झाली की लेकीची शाळा सोडवून कोयत्यावर जायचं.

"उद्या संचालक जेवायला हायेत," चेअरमन म्हणाले. "करून दाखवा, मग बघू."

काय करून दाखवू, कपाळ? पीठ, डाळ, बेसन, तेल सोसायटीचं होतं, पण बाजारात भाजीची काडी नव्हती. टँकरचं पाणी टाकीपाशी सांडायचं, तिथं मात्र केना माजला होता. मी ओटीभर कोवळे शेंडे खुडले.

सासूबाई कडाडल्या, "पाव्हण्यांला तण घालतीस व्हय? नाक कापशील आमचं!"

पहिला घाणा पार फसला. धुतलेली पानं तशीच पिठात बुडवली. पीठ घसरलं, पानं उघडी पडली आणि तेल तडतडून अंगावर आलं. मला रडूच फुटलं.

"ओल्या पानाला पीठ धरतंय व्हय, येडे!" म्हणत सासूबाईच खाली बसल्या. पान न् पान फडक्यानं पुसून, कोरडं बेसन भुरभुरून माझ्या हातात देऊ लागल्या. उरलेला केना मी डाळीत शिजवला.

भजी कुरकुरीत झाली. संचालकांनी ताटं पुसून खाल्ली.

"लई झ्याक! पालक कुठं घावला?" चेअरमननी विचारलं.

"पालक न्हाई, केना हाय. तुमी बांधावर फेकता त्योच."

चेअरमननी ताट पुढं केलं. "वहिनी, अजून हाय का?"

मी झारा वरच धरला. "आदी सांगा, आचारी येणार का?"

ते शिपायाकडं वळून ओरडले, "त्या आचाऱ्याला नको म्हणून सांग बे!"

मग वाढलं मी. असा आनंद मला लग्नातसुद्धा झाला नव्हता.

दिवाळी झाली. ऊसतोडीची गाडी छावणीपाशी थांबली, मुकादमानं हाक मारली. पिठाच्या हातानंच मी बाहेर आले.

"जेवून जा, मुकादम," म्हटलं. "मी यायची न्हाई."