वाऱ्यानं लागलेलं दार

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, लेकीला तर नाहीच. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा या विषयावर गप्प असते — त्याला ठाऊकच आहे, मग सांगायचं कशाला, असा माझा कोडगेपणा. तुम्हाला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

रियाधमधल्या आमच्या मराठी मंडळींत आमची इटलीची सहल प्रसिद्ध आहे. शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जेवण असतं, प्रत्येकीनं एकेक पदार्थ न्यायचा, आणि कुणी नवीन आलं की विचारतंच — अविनाशच्या उजव्या हाताला काय झालं? अविनाश माझा नवरा. दातांचा डॉक्टर. म्हणजे, होता. मग तोच रंगवून सांगतो — लग्नाचा वाढदिवस, फ्लॉरेन्स, कुठल्याशा सरदाराच्या जुन्या हवेलीतलं हॉटेल, हत्तीएवढं दार, आणि वारा. "तिथला वारासुद्धा रोमँटिक हो, डायरेक्ट हातच धरला माझा!" सगळे हसतात. एखादी म्हणते, "नजर लागली गं तुमच्या जोडीला." मी हो म्हणते आणि कोशिंबीर वाढते.

मी कोल्हापूरची. तिखट आहे, हे मी कधी लपवलं नाही, उलट मिरवलंच. पण चारचौघांत मिरवायचा राग वेगळा आणि घरातला वेगळा. घरात मी हात उचलायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी लाटणं फेकून मारलं, त्याच्या भुवईवर अजून व्रण आहे. एकदा तापलेलं उलथनं दंडाला लावलं. एकदा मानेवर असं ओरबाडलं की रियाधच्या त्या उन्हाळ्यात बिचारा गळ्यापर्यंत बटणं लावून क्लिनिकला गेला. त्यानं उलट हात कधीच उचलला नाही. आणि सांगणार तरी कुणाला? बायको मारते म्हणून? न हसता कोण ऐकणार होतं? त्याची ही अडचण माझ्या फायद्याची होती, आणि ते मला चांगलं कळत होतं.

इटलीला गेलो त्या वर्षी जिथे जावं तिथे एकच विषय — सौदीकरण, म्हणजे परदेशी माणूस काढायचा आणि सौदी माणूस ठेवायचा. आज अकाउंट्स, उद्या मोबाइलची दुकानं, मग दवाखाने. अल मलाझ भागातल्या त्याच्या क्लिनिकमध्ये सौदी मुली दातांच्या डॉक्टर होऊन आल्या — चांगल्या हुशार होत्या, खोटं कशाला बोलू — आणि बाहेरच्या डॉक्टरांना एकेक करून नारळ. अविनाशलाही सांगून झालं होतं, हा इकामा, इथे राहायचा परवाना, संपला की पुढचा नाही. पण त्याला त्याचं दुःखच नव्हतं! मिरजेत स्वतःचा दवाखाना काढायचा, हे त्याचं कॉलेजपासूनचं वेड. स्वतःची खुर्ची, दारावर स्वतःच्या नावाची पाटी. हात सोन्यासारखा होता हो त्याचा. सुई कधी टोचली ते पेशंटला कळायचं नाही.

आणि मला? मला परत जायचंच नव्हतं. नुकतीच इथे बायकांना गाडी चालवायची मुभा मिळाली होती. इतकी वर्षं कधी ड्रायव्हरची, कधी नवऱ्याची वाट बघत दारात ताटकळलेली मी — शिकले, लायसन्स काढलं, आणि सकाळी स्वतः गाडी काढून शाळेत शिकवायला जायला लागले. ते सोडून मिरजेला सासूबाईंच्या हाताखाली पोळ्या लाटायच्या? दातांच्या मशीन विकणारी एक कंपनी त्याला इथेच घ्यायला तयार होती. मशीन बसवून द्यायची, डॉक्टरांना ती शिकवायची. ती नोकरी घे म्हणून मी त्याच्या मागे लागले होते. तो नुसता "बघू" म्हणायचा.

फ्लॉरेन्सला गेलो ते शुक्रवार-शनिवारला एक सुट्टी जोडून, लेकीला मैत्रिणीकडे ठेवून. पहिला दिवस, खरंच सांगते, सुंदर गेला. नदीवरच्या जुन्या पुलावर त्यानं माझा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. "तू इथे किती हसतेस गं," म्हणाला. त्याचं ते तोंड माझ्या अजून डोळ्यांपुढे आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाय दुखायला लागले म्हणून खोलीवर आलो, आणि त्यानं सांगितलं. कंपनीला नाही म्हणून कळवलंय. मिरजेत गाळा पक्का केलाय. आईला सांगून झालंय. लाडात सांगत होता हो, वाढदिवसाची भेट द्यावी तसा!

मी काय बोलले ते आठवत नाही. — नाही, आठवतं, पण लिहिण्याजोगं नाही. काचेची बाटली भिरकावली, ती आरशावर फुटली. त्याच्या थोबाडीत मारली. त्याच्या आईचा उद्धार केला. तो गाल चोळत म्हणाला, "तू शांत हो, मी खाली जाऊन येतो." दार उघडून बाहेर गेला. आणि मग चौकटीला धरून मागे वळला.

"येताना कॉफी आणू का तुला?"

मी दार लोटलं.

रागाच्या भरात झालं असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला हेच सांगत आले — राग होता, दार जड होतं, बोटं दिसली नाहीत. दिसली होती. नखं बारीक कापलेली, डॉक्टर लोक ठेवतात तशी. ती बघितली आणि मग सगळं अंग टाकून दार लोटलं. सुपारी फुटावी तसा आवाज झाला. तो किंचाळला. दार थोडं मागे आलं, पण हात त्याला काढता येईना.

आणि मी परत लोटलं.

हे सांगायचं होतं. बाकीचं सगळं तुम्हाला इथवर आणायला. पहिल्यांदाचं रागावर ढकलता येईल, दुसऱ्यांदाचं कशावर ढकलू? मधे त्याची किंकाळी मी ऐकली होती. ऐकून माझ्या मनात आलं — आता काढ दवाखाना.

हॉटेलची मालकीण धावत वर आली. चौकटीवर रक्त, फरशीवर रक्त, हा भिंतीला टेकून खाली बसलेला, पांढराफटक. मी तोंड उघडणार — काय सांगणार होते, देव जाणे — तेवढ्यात तोच तिला म्हणाला, "विंड. इट वॉज द विंड." तिनं खिडकीकडे पाहिलं. खिडकी बंद होती. ऊन येतं म्हणून मीच लावून घेतली होती. मग तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि बर्फ आणायला गेली.

ऑपरेशनं झाली. दोन बोटं वळत नाहीत, उरलेल्यांत जोर नाही. मिरजेचा गाळा सोडून दिला. त्या कंपनीला फोन मीच केला. आता तो इथे दुसऱ्यांच्या क्लिनिकमध्ये खुर्च्या बसवून देतो. लोक हळहळतात — आधी सौदीकरणानं, मग त्या वाऱ्यानं चांगल्या डॉक्टरची वाट लावली. सासूबाई तिकडून फोनवर इथल्या कायद्याला आणि इटलीच्या वाऱ्याला शिव्याशाप देतात, आणि मी "हो ना" म्हणते. मला हवं होतं ते सगळं मिळालं. रियाध, शाळा, गाडी. त्यानंतर मी त्याच्यावर हात उचललेला नाही. त्याचं कौतुक नको. गरज उरली नाही, इतकंच.

त्या दुपारबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. तो चारचौघांत वाऱ्याची गोष्ट सांगतो, मी ऐकते. मला मारलंस, असं तो एकदाही म्हणाला नाही.

किल्ली त्याला नीट धरवत नाही, म्हणून घराचं दार मीच उघडते आणि मीच लावते. मी दार धरून उभी राहते, तो पुढे होतो. आणि माझ्या शेजारून जाताना, दर वेळी, दोन्ही हात खिशात घालतो.