पाइपामागे गेलेला ‘भू’

आमच्या वाशीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राची विभागीय परिषद भरवायची, हे खूळ मूळचं विभागप्रमुखांचं. पण त्यात करिअर मार्गदर्शनाचं सत्र घुसडलं ते मी. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. न्यू बॉम्बेत तेव्हा इमारती कमी आणि चिखल जास्त. सर म्हणाले, “करिअर-बिरिअर कशाला? पेपर वाचू, पारसिकच्या डोंगरातल्या खाणी दाखवू, पुरी-भाजी खाऊ, झालं.” मी हटूनच बसले. वर्गातल्या मुली बी.एस्सी. झाल्या की बँकेच्या परीक्षेला बसायच्या, नाहीतर बोहल्यावर चढायच्या. माझं डोकंच फिरायचं. म्हटलं, पालकांनाही बोलवू. या विषयात काय कामं मिळतात, ते एकदा स्वतःच्या कानांनी ऐकू देत.

खरं सांगायचं तर हा सगळा खटाटोप एका मुलीसाठी होता. शेवटच्या वर्षाला होती. दगड हातात घेतला की तिचा चेहरा असा खुलायचा, की शिकवायचं सोडून बघत राहावंसं वाटे. पुढे एम.एस्सी.ला पुण्याला जायचं, वसतिगृहात राहायचं, तर घरून होकार हवा. वडील बंदरात कामाला, अगदी अबोल. घरात शब्द चालायचा आईचा. आणि आईचं नाव काढलं की ही पोर विषय बदलायची.

महिनाभर आम्ही धावत होतो. सायक्लोस्टाइलची पत्रकं, ट्रंककॉल, एस.टी.ची बस, खाणमालकाची परवानगी. त्या दिवशी सुरुंग लावू नका, हे त्याला सरांनी चार वेळा बजावलं. शेवटी गेटावर लावायचा कापडी बॅनर आला, तो गेटापेक्षा लांब निघाला. बांधणाऱ्याने सुरुवातीचं टोक दुमडून पाइपामागे घेतलं, गाठ मारली आणि तो मोकळा झाला. ‘भू’ गेला मागे. रस्त्यावरून दिसायचं ते असं: ‘गर्भशास्त्र विभागीय परिषद व मार्गदर्शन’. परिषदेच्या सकाळीच एक सासूबाई दिवस गेलेल्या सुनेला घेऊन आल्या आणि तपासणी फुकट आहे का, विचारू लागल्या. मी इतकी हसले की सरांनी डोळे वटारले. त्या बिचाऱ्यांना चहा पाजून पाठवलं.

हसू ओसरतंय तोच ती मुलगी आईला घेऊन माझ्यापुढे उभी. मूळच्या मराठवाड्यातल्या बाई. ठेवणीतलं पातळ नेसून, तेल लावून चापून केस बांधून आल्या होत्या.

“म्याडम, दारावरचं समदं वाचलं मी,” त्या म्हणाल्या. “प्रौढांच्या वर्गात शिकले वाचाया. आमची पोरगी बायकांची डाक्टर व्हायली, तेच ना हे?”

त्यांच्या पाठीमागे उभी राहून मुलगी मला हात जोडत होती. मी “बसा हं मावशी” म्हणाले आणि तिला जिन्याखाली ओढलं.

“हे काय आहे गं?”

ती रडायलाच लागली. प्रवेश मिळाला तेव्हा तिने घरी ‘भूगर्भशास्त्र’ म्हणून सांगितलं होतं. आईच्या कानाला त्यातला ‘गर्भ’ तेवढा लागला आणि तिने सगळ्या वस्तीत पेढे वाटले. हिला तो आनंद मोडवेना. वस्तीतल्या बायका काही विचारायला आल्या की ही म्हणायची, तो भाग अजून शिकवला नाही. तीन वर्षं! हसावं की रडावं, मला कळेना.

“आजच्या आज सांग.”

“कसं सांगू, मॅडम? बहात्तरच्या दुष्काळात आईनं खडी फोडलीय. माझ्या लेकीच्या हातात दगड येणार नाही, असं अजून म्हणते ती. आणि मी दगडच शिकते. तिला कळलं तर पुणं विसराच.”

सांगायची वेळ आलीच नाही. दुपारच्या सत्रात मीच बोलावलेले एक सरकारी अधिकारी उभे राहिले आणि कामाचं वर्णन करू लागले. ऊन, तंबू, हातोडा, डोंगर, दगड आणि पुन्हा दगड. वर म्हणाले, मुलींनी या भानगडीत पडू नये, फार तर शाळेत शिकवावं. मी तावातावाने उठून काहीबाही बोलले. काय ते आठवत नाही, सरांनी हाताला धरून बसवलं एवढं आठवतं. मागच्या रांगेत मावशींनी मान वळवून लेकीकडे पाहिलं. उठल्या, पदर सारखा केला आणि बाहेर पडल्या. मुलगी मागोमाग धावली. मी तिथेच बसून राहिले. काय अवदसा आठवली आणि हे सत्र ठेवलं, असं झालं मला. जिच्यासाठी मांडलं होतं, तिचंच पुणं घालवून बसले होते.

दुसऱ्या दिवशी खाणीच्या सहलीला मुलगी आली ती डोळे सुजवून, आणि मागे मावशी. “मला बघायचंय,” एवढंच म्हणाल्या आणि बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या.

खाणीत शिरल्याशिरल्या खडी फोडणाऱ्या बायका दिसल्या, उन्हात ओळीने बसलेल्या. मावशी तिथेच थांबल्या. मीही थांबले. पलीकडे त्यांची लेक पाहुण्यांना कातळातली उभी काळी भिंत दाखवत होती. लाव्हा थंड झाल्यावर त्याला भेग पडली, भेगेतून खालचा तापलेला रस वर चढला आणि तिथेच थिजला, असं सांगत होती. पुण्याहून आलेले पिकल्या केसांचे प्राध्यापक टोपी काढून ऐकत होते. त्यांना शंका आली तर तिलाच विचारत होते. खाणीचा मुकादम पुढे होऊन म्हणत होता, “मॅडम, इकडून या, तिकडं घसरतं.”

“हिलाच म्याडम म्हनतोय का त्यो?”

“हिलाच, मावशी.”

“फोडावं लागंल का हिला?”

“तुकडा काढावा लागतो, नीट बघायला. घमेली नाही भरायची.”

“आन नोकरी?”

“वेळ लागेल. काल ऐकलंत ना, असले लोक आडवे येतील. पण ही गप्प बसणारी नाही आणि मीही नाही.”

त्यावर त्या किंचित हसल्या. केवढा धीर आला मला!

मुलगी आमच्याकडे आली, पण चार पावलं लांबच उभी राहिली. मावशींनी तिला जवळ ओढलं. हातातला हातोडा काढून खाली ठेवला, तिचे दोन्ही तळवे उघडले आणि अंगठ्याने हळूहळू चाचपले. मऊ होते. कुठे घट्टा नव्हता. त्या बराच वेळ ते हात धरून राहिल्या.

“तीन साल येडी बनवलीस मला,” त्या म्हणाल्या. “जा पुन्याला. शीक.”

मुलीने आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मावशींनी तिला थोपटलं, मग हनुवटीला धरून तिचं तोंड त्या उन्हातल्या बायकांकडे वळवलं.

“साहेबीन झालीस की तुझ्या कामावर बी अशा बाया असतील. त्यांच्या डोक्यावर सावली कर. आमाला कुनी केली न्हाई.”