माझं तटस्थ राहणं

नाशिकच्या एका कॉलेजात मी आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवतो. म्हणजे ज्यांना जग आता कुठे विचारायला लागलंय असे देश काय करतात, ते कोणीच विचारत नसलेल्या मास्तराने सांगायचं. उगवत्या सत्ता जागतिक संस्थांत मतदान कसं करतात, यावर माझी पीएचडी चालू आहे. चालू म्हणजे वर्षानुवर्षं चालूच आहे. त्यातलं माझं लाडकं प्रकरण तटस्थतेचं. बड्यांच्या भांडणात भारत, ब्राझील, दक्षिण आफ्रिका बरेचदा हात वरच करत नाहीत, दोन्हीकडे गोडीगुलाबीने राहतात. याला मी मुत्सद्देगिरी म्हणतो.

आमच्या स्टाफरूममध्येही कायम सदस्य आहेत. पंख्याखालच्या खुर्च्या त्यांच्या. दाराजवळ आम्ही तिघं: मी, भूगोलाचे सर आणि वणीहून एसटीने येणाऱ्या मराठीच्या मॅडम. मॅडम बारा वर्षं तासिका तत्त्वावर, म्हणजे दर जूनला नोकरी राहते की जाते याचा घोर. एकेकट्याला कोण विचारतो? म्हणून आम्ही आघाडी केली. चहापासून वेळापत्रकापर्यंत तिघांचं मत एक. मला पहाटे उठवत नाही, तर सातचा तास मॅडमनी घेतला. वणीहून! वर माझ्या प्रबंधाचं मराठीही त्याच तपासायच्या.

यंदा संस्थेने त्यांना काढायचं ठरवलं. भूगोलाच्या सरांनी बैठकीत ठराव मांडला, की मॅडमना ठेवा असं आपण सगळ्यांनी लिहून देऊ. हात वर करून मतदान. आणि नेमकं त्याच आठवड्यात उपप्राचार्यपदासाठी माझं नाव चाललेलं. घ्या! माझा हात टेबलावरच राहिला. विचारलं तेव्हा म्हणालो, "मी तटस्थ." आवाजही काय छान लागला होता. मतं समसमान पडली आणि ठराव बारगळला. माझं एक मत पुरलं असतं.

उपप्राचार्य पंख्याखालचेच झाले, हे वेगळं सांगायला नको. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय! मला माझी लाज वाटते, आणि ती काही तटस्थ राहत नाही.

शेवटच्या दिवशी मॅडम डबा, छत्री आवरत होत्या. मी परिस्थिती, नियम असलं काहीबाही पुटपुटलो. त्यांनी ऐकून घेतलं, मग पिशवीतून माझं तटस्थतेचं प्रकरण काढून माझ्या हातात दिलं.

"सर, पूर्ण तपासलंय. एकही चूक सापडली नाही."

आणि त्या वणीची गाडी पकडायला गेल्या.