शेवळांची भाजी

पावसाच्या तोंडावर मुरबाडच्या बाजारात शेवळं ही रानभाजी आली, की मला माझे सासरे, बाबा, आठवतात. माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका दुपारी मी शेवळांची भाजी केली. शेवळं घशाला खाजतात, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं ठेचून घातली होती, आणि भाजी बाबांच्या ताटात अगदी त्यांच्या हाताशी वाढली होती. त्यांनी ताटातली पलीकडची भाकरी आणि चटणी खाल्ली, भाजीला बोटही लावलं नाही. कित्येक दिवस असंच चाललं होतं. माझ्या हातचं त्यांना आवडत नाही, असं धरून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलायचे. त्या दुपारी मात्र ते म्हणाले, "शेवळांचा वास येतोय, मग भाजी कुठाय गो?" मी चमकले. हाताशी असलेली भाजी त्यांना दिसत नाही की काय, म्हणून समोर बसून त्यांच्यापुढे बोट धरलं. डोळे बोटामागे डावीकडे, उजवीकडे, वरही गेले, पण बोट खाली नेलं तसे तिथंच अडले. "बाबा, खाली बघा ना." "बघतोय गो, पन जातच नाय," ते म्हणाले. त्यांची मानही ताठरली होती. पुढे कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, की दृष्टी चांगली आहे, पण डोळ्यांना खाली वळवणारा मेंदूतला भाग निकामी होत चाललाय; ते शेताच्या बांधावरून अधूनमधून पडतात तेही त्यामुळेच. त्या दुपारी मी फक्त एक डबा पालथा घालून ताट त्यावर उंच ठेवलं. भाजी दिसताच ते हसले. "मला वाटलं, तू वाढायला इसरतेस. नव्या सुनेकडं मागायचं कसं?" बाबांना जाऊन आता तीन वर्षं झाली, पण ते संकोचाने अर्धपोटी उठत होते तेव्हा मी रुसून बसले होते, हे त्यांना सांगायचं माझ्याकडून राहूनच गेलं.